दोन गोळ्यांचं एकच पत्रक

औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला जो पातळ कागद असतो, तो जगात कुणीही वाचत नाही. मी वाचते. सव्वीस वर्षं तोच माझा धंदा आहे. छापखान्यात माझ्या टेबलावरच्या पाटीवर 'मुद्रितशोधक' असं भारदस्त लिहिलंय, पण हाक मारताना सगळे 'प्रूफवाल्या बाई' म्हणतात. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांतली ती पत्रकं माझ्या नजरेखालून जातात, आणि खाली माझी सही पडल्याशिवाय यंत्र फिरत नाही. सव्वीस वर्षांत माझ्या सहीच्या पत्रकात एकही चूक निघालेली नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. खरं तर फुशारकीनेच सांगते. फुशारकी मारण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही.

हे काम मला शिकवलं छापखान्याच्या जुन्या मालकांनी. ते म्हणायचे, "अर्थाच्या नादी लागू नका, बाई. अर्थ लागला की डोळा पळत सुटतो आणि चूक निसटते." म्हणून त्यांनी मला पत्रक उलटं वाचायला लावलं. शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायची, मग एकेक शब्द मागे, एकेक ओळ वर. असं वाचलं की नुसती अक्षरं उरतात आणि चूक खड्यासारखी हाताला लागते. वर्षभरात मी त्यात इतकी तरबेज झाले, की सरळ वाचायचं म्हटलं की मला कंटाळा यायचा.

माझी थोरली बहीण, ताई, एकोणीस वर्षं एक पांढरी गोळी घेत होती. भाऊजी एका मंगळवारी कामावर म्हणून गेले ते परस्पर दुसऱ्या बाईच्या घरी राहायला गेले, तेव्हापासून. ताई आणि तिची दहा वर्षांची मुलगी माझ्याकडे आल्या. ताईला झोप येईना. छाती धडधडायची, दाराची कडी वाजली तरी दचकायची. डॉक्टरांनी ती गोळी पंधरा दिवसांसाठी दिली होती. त्या पंधरा दिवसांत भाची शिकली, नोकरीला लागली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली, आणि गोळी आपली जिथल्या तिथे.

ताई कपड्यांच्या कारखान्यात कटर होती. हॉस्पिटलचे गणवेश शिवतात तिथे. कापडाचे वीस-वीस थर एकावर एक पसरून ती यंत्राने कापायची आणि तिचा हात सुतासारखा सरळ जायचा. "ही गोळी आहे म्हणून हात हलत नाही," असं ती म्हणायची. "डोकंही हलत नाही," असं मी म्हणायचे. कारण सकाळी दहापर्यंत ती गुंगीत असायची. दूध गॅसवर ठेवून विसरायची, एकच गोष्ट मला दोनदा सांगायची, उठताना तोल जाऊन भिंत धरायची. मला राग यायचा. राग खरा गोळीचा, पण गोळीवर ओरडून काय उपयोग, म्हणून मी ताईवर ओरडायचे.

मग एका रविवारी भाचीचा फोन आला. तिला सातवा महिना लागला होता.

"आई, तू इकडेच ये," ती म्हणाली. "तीन महिन्यांची रजा संपली की मला कामावर जावं लागेल. बाळाला तुझ्याशिवाय कोण बघणार? येशील ती कायमचीच ये."

फोनचा आवाज मोठा ठेवायची ताईला सवय, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं. ताईचा चेहरा बघून मी हातातलं काम थांबवलं. भाऊजी गेल्यापासून तिला कुणी 'ये' म्हटलं नव्हतं. 'राहा' म्हटलं होतं, ते मी. त्यात आणि यात फरक असतो, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"पण एक आहे, आई," भाची म्हणाली. "ती गोळी. ती सुटली पाहिजे. तू गुंगीत असलीस आणि बाळ तुझ्या हातात असलं तर... आम्हा दोघांनाही भीती वाटते गं. राग मानू नकोस."

ताईने राग मानला नाही. दुसऱ्याच दिवशी तिने कारखान्यात राजीनामा दिला आणि येताना झबल्यांसाठी मऊ सुती कापड घेऊन आली. मला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? मी एकटी पडेन, एवढंच. चोपन्न वर्षांच्या बाईने असल्या गोष्टीचा बाऊ करू नये.

आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद ओढला आणि पांढऱ्या गोळीचे चार तुकडे काढून दाखवले. "दर पाच-सहा आठवड्यांनी एकेक तुकडा कमी करायचा. घाई नाही. पाच महिने लागतील, सहाही लागतील."

"बाळ तर अडीच महिन्यांत येणार," ताई म्हणाली.

"बाळाला येऊ द्या. ते काही तुमच्यासाठी थांबणार नाही आणि तुमची गोळी बाळासाठी थांबणार नाही." मग त्यांनी एका नव्या औषधाच्या दहा गोळ्या लिहून दिल्या. "ही नवी आहे. कमी करताना एखाद्या दिवशी अगदीच झोप आली नाही तर आधाराला. जुनीच्या जागी नाही, लक्षात ठेवा. ही फक्त झोपेपुरती. दिवसाची धाकधूक हिने जायची नाही."

ते सगळं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. तो कागद मी पर्समध्ये ठेवला.  घरी येऊन ताईने झबल्यांचं कापड उलगडलं, हात फिरवला आणि पुन्हा घडी घातली.

त्याच आठवड्यात त्या नव्या गोळीचं काम आमच्या छापखान्यात आलं. योगायोग कसला, औषधांची पत्रकं छापणारं गावात आमचंच एक दुकान.

"बाई, सोपं काम आहे," आमचा जुळारी म्हणाला. पूर्वी तो छपाईचे खिळे जुळवायचा, हल्ली संगणकावर बसतो, तरी आम्ही त्याला जुळारीच म्हणतो. "त्या जुन्या पांढऱ्या गोळीच्या पत्रकाची फाइल उचलली, नाव आणि मात्रा बदलली. इशाऱ्यांचा सगळा मजकूर जसाच्या तसा. कंपनीनेच तसं सांगितलंय."

मी दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी ठेवली, पट्टी लावली आणि खालून वर वाचत गेले. शब्दाला शब्द जुळत होता. बारा मिनिटांत काम संपलं.

जुळारी मात्र रेंगाळला. त्याला वाचलेलं समजून घ्यायची खोड आहे, म्हणून तर त्याच्या कामात इतक्या चुका असतात. "गंमत बघा, बाई. नव्या पत्रकात लिहिलंय, 'आधीच्या औषधांच्या तुलनेत सवय लागण्याची शक्यता कमी.' जुन्या पत्रकातही हेच वाक्य! म्हणजे ती जुनी जेव्हा नवी होती, तेव्हा तिच्याबद्दलही हेच म्हणत होते. आणि तिच्या आधीची जी होती—"

"ती समासाची रेघ बघा, तिरकी आलीय," मी म्हटलं आणि सही केली.

पत्रकाबरोबर एक रंगीत घडीपत्रिका होती, डॉक्टरांना वाटायची. गुळगुळीत कागद, मोठी अक्षरं, पडदा बाजूला सारून हसणारी एक बाई. आत दोन रकाने. 'जुनी औषधे' या रकान्यात सकाळची गुंगी, तोल जाणे, विस्मरण, सवय, आणि प्रत्येकापुढे लाल फुली. 'नवे औषध' या रकान्यात लवकर झोप, लवकर अंगाबाहेर, सकाळी ताजेतवाने, आणि प्रत्येकापुढे हिरवी खूण. ही मी सरळ वाचली. अक्षरं एवढी मोठी होती की उलटं वाचायची गरजच नव्हती. आणि त्या फुल्यांच्या रकान्यात मला माझी ताई दिसली. गुंगी तिची, तोल तिचा, गॅसवरचं दूध तिचं. तिथल्या तिथे माझा निर्णय झाला.

घरी गेले आणि ताईला म्हटलं, "ती पांढरी आजपासून बंद. जे वाईट आहे ते पाव-पाव करून कुणी सोडतं का? नवी सुरू कर. दहा दिवसांत मोकळी होशील."

"अगं धाकटे, पण डॉक्टर म्हणाले—"

"डॉक्टरांचं काय जातंय! सहा महिने तू त्यांच्या बाकावर बसलीस तर त्यांना बरंच आहे."

ताईने नव्या गोळीचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "तुझं रोजचं काम आहे हे. तुला कळतं बाई."

मी पांढऱ्या गोळ्यांची पाकिटं फोडली, एकेक गोळी बेसिनमध्ये टाकली आणि वर नळ सोडला. फार बरं वाटलं मला तेव्हा.

पहिले पाच दिवस तर मी छापखान्यात छाती पुढे काढून फिरले. ताई सकाळी माझ्याआधी उठायची. बोलायची, हसायची, दुधावर नजर ठेवायची. एकच तक्रार, "तोंड कडू होतं गं. पाणीसुद्धा कडू लागतं." मी म्हटलं, एवढं चालायचंच. भाचीला मी फोनवर सांगितलं, की तुझी आई सुटली. भाची रडायलाच लागली. "मावशी, तुझे उपकार," असं काहीतरी म्हणाली आणि ते मी खुशाल ऐकून घेतलं.

सहाव्या दिवशी ताईने एका झबल्याचा गळा वाकडा कापला. वीस थर एका दमात कापणारी बाई, आणि एवढंसं कापड तिच्या हातात थरथरत होतं. सातव्या दिवशी तिला खिडकीतला उजेड सोसेना, कपात चमचा वाजला तरी ती कान झाकायची. नवी गोळी घेऊनही झोप जेमतेम तीन तास. अंगावर मुंग्या चालल्यासारखं होतंय, म्हणाली.

"मनाचे खेळ आहेत," मी म्हटलं. "एकोणीस वर्षांची सवय, चार दिवस कुरकुर करणारच. बाळाला घ्यायचंय ना तुला?"

बाळाचं नाव काढलं की ती गप्प व्हायची. ते मला ठाऊक होतं, म्हणून तर काढायचे. आठव्या दिवशी ती स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली. "एखादी पांढरी चुकून उरली असेल तर बघ ना गं. अर्धीच दे."

"नाही उरली. आणि असती तरी दिली नसती," मी म्हटलं. किती ठाम होते मी! त्या ठामपणाची आठवण झाली की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

नवव्या दिवशी सकाळी दहाला ती टेबलापाशी बसून झबलं कापत होती. मी कपडे वाळत घालत होते. कात्री पडल्याचा आवाज आला, मग खुर्ची पडल्याचा. आत आले तर ताई टेबल आणि कपाटाच्या मधे ताठ झाली होती. डोळे वर गेलेले. मग तिचं सगळं अंग झटके देऊ लागलं आणि उजवा खांदा कपाटाच्या कडेवर आपटत राहिला, आपटत राहिला. मी तिचं डोकं मांडीवर धरलं. तिला ओढून मोकळ्या जागेत घ्यावं, एवढंही मला सुचलं नाही. शेजारच्या बाईंनी गाडी बोलावली.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीणबाई होती. माझ्या भाचीच्या वयाची असेल. तिने मला बाकावर बसवलं आणि कागद-पेन घेऊन विचारायला लागली. कुठली गोळी, किती वर्षं, कधी बंद केली.

"नऊ दिवस झाले."

"हळूहळू कमी करत आणली होती?"

"नाही. एका दिवसात."

तिचं पेन थांबलं. "ही जुनी गोळी अंगात साठून राहते, मावशी. पूर्ण उतरायला आठवडा जातो. म्हणून पहिले दिवस बरे गेले असतील. एकोणीस वर्षं त्यांचा मेंदू त्या गोळीच्या लगामावर चालत होता आणि तुम्ही लगाम एकदम कापलात."

"पण नवी चालू होती," मी म्हटलं. "नवी चांगली आहे ना?"

"नवी लवकर झोप आणते आणि लवकर उतरते. सकाळची गुंगी कमी, हे खरं. पण तीही रोज घेतली की सवय लागते. आणि जुनीचं जे काम होतं ते ती करत नाही. झटके ती थोपवणार नाही." ती उठली. "हे सगळं खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. पण तो कोण वाचतो म्हणा."

ती गेली. माझ्या पर्समध्ये डॉक्टरांच्या हातचा कागद होता आणि त्याला चिकटून नव्या पत्रकाची एक प्रत होती. सही केलेली प्रत मी नेहमी जवळ ठेवते. मी ती उघडली आणि वरून खाली, डावीकडून उजवीकडे, शाळेतल्या पोरीसारखी बोट ठेवून वाचली. चौथा परिच्छेद. 'हे औषध दीर्घकाळ घेतले असल्यास ते अचानक बंद करू नये. अचानक बंद केल्यास अस्वस्थता, कंप, प्रकाश व आवाज सहन न होणे, क्वचित झटके येऊ शकतात. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करावी.'

जुन्या गोळीच्या पत्रकाच्या चौदा आवृत्त्या माझ्या हाताखालून गेल्या होत्या. एका आवृत्तीत 'अचानक' हा शब्द चुकून दोनदा पडला होता. त्यातला एक मी काढला होता. मालकांनी मला सगळ्यांदेखत शाबासकी दिली होती.

ताई वाचली. खांदा दोन ठिकाणी मोडला होता आणि तो हात आता वर जाणार नाही, असं सांगितलं. पांढरी गोळी पुन्हा सुरू झाली, पूर्वीइतकीच. आमचे डॉक्टर येऊन गेले. "मी लिहून दिलं होतं," एवढंच ते माझ्याकडे न बघता म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाची एका दिवसासाठी आली, अवघडलेली, पाय सुजलेले. आईपाशी बसली, रडली. मग मला बाहेर घेऊन गेली. "मावशी, सगळ्या गोळ्या तू फेकून दिल्यास?" मी हो म्हटलं. ती माझ्या पायाही पडली नाही, नुसती आत गेली. निघताना आईला म्हणाली, "आम्ही एक बाई बघितलीय बाळासाठी. तू आधी बरी हो, मग बघू." 'मग बघू'चा अर्थ काय होतो, ते ताईलाही कळलं आणि मलाही. कारखान्यात तिच्या यंत्रावर दुसरी बाई बसली होती. बाळ वेळेवर झालं. फोनवर फोटो आला, ताईने तो डाव्या हाताने मोठा करून, लहान करून, पुन्हा मोठा करून पाहिला.

त्यानंतर पंधरा-एक दिवसांनी दुपारी ती खिडकीशी बसली होती, उजवा हात गळ्यात. डॉक्टरांनी गोळी कमी करायला परवानगी दिल्याचा तो पहिला दिवस. मी टेबलावर ब्लेडने पांढऱ्या गोळीचे चार तुकडे करत होते. एक भाग वेगळा काढायचा, तीन द्यायचे.

"धाकटे, एक विचारू?" ताई म्हणाली. "खरं सांगशील?"

"विचार."

"तू ते मुद्दाम केलंस ना?"

मी मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता. उलट ती जरा हसत होती, लाजल्यासारखी.

"तू ती पत्रकं रोज वाचतेस. तुला माहीत नसेल, असं होईलच कसं? मी हॉस्पिटलमध्येच ओळखलं. मी गेले असते तर तू या घरात एकटी पडली असतीस. तुला ते सोसवलं नाही. तोंडाने बोलायची नाहीस तू, तुझा स्वभावच नाही तो. पहिल्यांदा फार राग आला. मग म्हटलं, जाऊ दे." तिने खिडकीबाहेर बघितलं. "नवऱ्याला नको होते. पोरीला हवी होते ती बाळापुरती, तीही गोळी सोडून. पण एका माणसाला मी एवढी हवी होते, की तिने माझा खांदा मोडू दिला, पण मला जाऊ दिलं नाही. हसू नकोस. त्याच्यावर मी हे सगळे दिवस काढले बघ."

मी हसत नव्हते. मी फक्त 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. एक अक्षर. किंवा काहीच बोलले नसते आणि गोळ्यांचे तुकडे पुढे केले असते, तरी चाललं असतं. पण समोर चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. सव्वीस वर्षांत मी दुसरं केलंय काय?

"नाही, ताई," मी म्हटलं. "मुद्दाम नाही केलं. मला खरंच माहीत नव्हतं. मी ते कधी अर्थ लावून वाचलंच नव्हतं. बाळ यायच्या आत तू तिकडे पोचावीस, म्हणून मी घाई केली."

 तिचं हसू हळूहळू ओसरत गेलं आणि ते मला थांबवता आलं नाही. मला तू हवी होतीस, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं आणि ते अगदी खरं होतं. पण आता ते म्हटलं असतं तर तिची समजूत काढल्यासारखं झालं असतं, म्हणून मी तेही गिळलं.

"असं होय," ताई म्हणाली. "म्हणजे तूही मला पाठवायलाच बघत होतीस."

मी पुढे केलेल्या तळहातावरचे तीन तुकडे तिने डाव्या हाताने एकेक करून उचलले, पाणी प्यायली, आणि पेला घ्यायला मी हात पुढे केला होता तरी तो खिडकीत ठेवून दिला.